१२३४५६७८९८७६५४३२१ ला कशाकशाने भाग जातो?

प्रश्न: माझ्या सातवीतल्या लेकीने रविवारी १११११११११ चा वर्ग उभा गुणाकार मांडून काढला. वही आडवी धरावी लागली! उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. उलट वाचलं तरी तेच. अंकांची बेरीज ८१, म्हणून ९ ने भाग जातो एवढं मी सांगितलं. पुढे काय? आणि नवाऐवजी दहा वेळा १ घेतला की हे का बिघडतं?

उत्तर: ताई, आधी वर्गमूळच फोडा. १११११११११ ला ९ ने भागलं की १२३४५६७९ येतात. मधला आठ गायब, मला हे फार आवडतं. त्याला ३७ ने भागा, ३३३६६७ येतात आणि ती मूळ संख्या आहे. म्हणजे तुमची संख्या ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. एकूण विभाजक ५×३×३ = ४५.

उत्तर: दहा एकांच्या गुणाकारात मधल्या स्तंभात दहा एक जमतात आणि हातचा येतो. म्हणून १२३४५६७९००९८७६५४३२१. नवापर्यंत हातचा लागतच नाही. देवळालीला शिक्षक असलेले द. रा. कापरेकर अशा संख्यांना डेमलो संख्या म्हणत. डेमलो हे मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनचं तेव्हाचं नाव, आताचं डोंबिवली. लेकीला हे नक्की सांगा.

प्रश्नकर्ती: सांगितलं. आता ती ३३३६६७ ला एकेका मूळ संख्येने भागून बघतेय. ४१ पर्यंत पोचली.