ड जीवनसत्त्वाच्या गोळीने सर्दी-खोकल्याला आळा बसतो का?

चौकस:
रक्ततपासणीच्या अहवालात 'ड जीवनसत्त्व १२' असा कमी आकडा दिसला की आपल्याकडे आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी सुरू होते. तिचा उपयोग हाडांसाठी आहे, याबद्दल वाद नाही. परंतु 'प्रतिकारशक्ती वाढेल, छातीचे आजार दूर राहतील' हे जे आश्वासन सोबत मिळते, ते पुराव्यावर टिकत नाही, असे माझे मत आहे. मंगोलियात उलानबातर येथील ८,८५१ शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना तीन वर्षे दर आठवड्याला १४,००० युनिट देण्यात आले. बहुतेकांमध्ये मुळात कमतरता होती आणि ती भरूनही निघाली. तरीही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार क्षयाचा संसर्ग दोन्ही गटांत जवळपास सारखाच आढळला.

अनामिका:
क्षयावरून सर्दीचा निवाडा करणे मला पटत नाही. त्याच मंगोलियात २४७ मुलांना हिवाळ्यात रोज ३०० युनिट मिसळलेले दूध दिले, तेव्हा श्वसनाचे आजार निम्म्यावर आले होते. याला शरीरशास्त्राचा आधारही आहे: जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन तयार करतात आणि त्यासाठी त्यांना ड जीवनसत्त्व लागते, हे २००६ मध्ये दाखवले गेले. पुढे २०१७ मध्ये २५ चाचण्यांतील सुमारे ११,००० जणांची माहिती एकत्र तपासली असता संसर्गाची शक्यता १२ टक्क्यांनी कमी दिसली.

शंकासुर:
त्या २४७ मुलांचे आजारपण पालकांनी सांगितलेले होते, हे विसरू नये. आणि १२ टक्क्यांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे होते. २०२१ मध्ये ४३ चाचण्या एकत्र केल्यावर फरक ८ टक्क्यांवर आला. २०२५ मध्ये ४६ चाचण्यांनंतर ६ टक्के उरला आणि तोही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोगही असू शकतो. चाचण्या वाढत जाताना जो परिणाम आटत जातो, त्यावर औषधाची चिठ्ठी लिहू नये. नॉर्वेत सुमारे ३४,००० प्रौढांवर कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची चाचणी झाली. तिथेही कोविड वा इतर श्वसनसंसर्ग कमी झाले नाहीत.

अनामिका:
नॉर्वेतील बहुतेकांची पातळी आधीच पुरेशी होती. पोटभर जेवलेल्याला वाढून भूक कशी मोजणार? शिवाय २०२१ च्या ज्या विश्लेषणाचा आपण दाखला देता, त्यातच रोज ४०० ते १,००० युनिट घेणाऱ्यांमध्ये आणि १ ते १६ वर्षांच्या मुलांमध्ये फायदा दिसला आहे.

शंकासुर:
त्याच विश्लेषणात मूळ पातळी कमी असलेल्यांना वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे आपल्या युक्तिवादाचा पायाच तिथे ढासळतो.

आडवाट:
गोळीवर इतके लिहिले गेले, म्हणून उन्हाबद्दलही एक मुद्दा. सकाळचे कोवळे ऊन सुखद असले तरी त्यात हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण फारच थोडे असतात. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचे ऊन उपयोगी पडते, आणि खिडकीची काच तर ते किरण जवळजवळ पूर्णच अडवते.

चौकस:
अनामिका यांचा रोजच्या अल्प मात्रेचा मुद्दा मान्य केला, तरी तो ६०,००० च्या पुडीला लागू होत नाही. आठवड्याची पुडी कोणी रोज घेत राहिले, तर रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या सुरू होतात आणि मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. ती किती आठवडे घ्यायची, हे चिठ्ठीवर लिहिले नसेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी.