नावापेक्षा घटक, मात्रा आणि उपकरण पाहावे

युरोपातून भारतात परतणाऱ्यांनी सिम्बिकॉर्ट या दम्याच्या इनहेलरचा वर्षभराचा साठा सोबत आणावा, कारण इथे तो सहज मिळत नाही, हा सल्ला मला अर्धाच पटतो. प्रवासापुरता इनहेलर जवळ हवाच; परंतु त्यातील ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल या दोन औषधी घटकांची जोडी आपल्याकडे फोराकोर्टसारख्या नावांनी सर्रास मिळते. घोळ होतो तो आकड्यांचा. जर्मनीतील सिम्बिकॉर्टच्या टर्बोहेलरवर (कोरडी पूड ओढून घेण्याच्या उपकरणावर) १६०/४.५ असे छापलेले असते, ते उपकरणातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या औषधाचे मायक्रोग्रॅममधील प्रमाण असते. त्याच औषधाची उपकरणात मोजली जाणारी मात्रा २००/६ एवढी असते आणि आपल्याकडे तीच छापली जाते. त्यामुळे '१६० वाले' मागत दुकाने पालथी घालणाऱ्याला सगळीकडे नकारच ऐकावा लागतो.

औषधविक्रेता पर्याय देत नाही, ही तक्रारही मी वाचली. तो अडवणूक करतो असे मला वाटत नाही. औषध नियम, १९४५ मधील नियम ६५ नुसार शेड्यूल एचमधील (म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीतील) औषधाच्या चिठ्ठीवर त्याला स्वतःच्या मर्जीने दुसरे, अगदी त्याच घटकांचेही, औषध देता येत नाही. म्हणून इथल्या डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घ्यावी आणि तिच्यावर घटक, मात्रा आणि उपकरणाचा प्रकार लिहून मागावा. शेवटची बाब हमखास राहून जाते: रोटाकॅप (औषधाची पूड भरलेल्या कॅप्सूल) घेतल्या तर ती पूड ओढण्याचे उपकरण, म्हणजे रोटाहेलर, वेगळे घ्यावे लागते व श्वास जोरात ओढावा लागतो, तर फवाऱ्याच्या इनहेलरला तो सावकाश आणि खोल घ्यावा लागतो.