राजकीय पोस्टमुळे मालिकेतून काढलं, पुण्यात नेमकं काय करता येतं?

विंगेतून
पुण्याजवळ शूटिंग चालू असलेल्या एका मालिकेतून एकाच आठवड्यात दोघांना काढलं. एक लाइटमन, रोजंदारीवर, हातात कागद काही नाही. दुसरी अभिनेत्री, सहायक भूमिका, रीतसर करार. दोघांनी आपापल्या फेसबुकवर सरकारी धोरणावर टीका केली होती. लाइटमनला फोनवर ‘उद्यापासून येऊ नका’, अभिनेत्रीला ‘चॅनेलला नकोय, तुमचा ट्रॅक संपवतोय’. आधीचं पेमेंटही अडकलंय. सगळे म्हणतात अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, कोर्टात जा. पण राज्यघटनेच्या नुसत्या कलम 19 वर केस उभी राहते का? सुरुवात कुठून करायची?

शिवाजीनगर_कट्टा
नुसत्या कलम 19 वर नाही. ते मुख्यतः सरकारच्या विरोधात चालतं. जानेवारी 2023 मध्ये कौशल किशोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने 19 आणि 21 (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) हे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात असं म्हटलं खरं, पण त्या जोरावर खासगी निर्माता उद्या कामावर परत घेईल असं समजू नका. हेच एफटीआयआय (सरकारी चित्रपट संस्था) किंवा आकाशवाणीत घडलं असतं तर थेट उच्च न्यायालयात रिट, म्हणजे मूलभूत हक्कासाठीची याचिका, करता आली असती.

आता दोघांचे रस्ते वेगळे करा. इथेच बहुतेकांची फसगत होते.

लाइटमन हातकाम आणि तांत्रिक काम करतो, म्हणजे तो कायद्याच्या भाषेत कामगार. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याच्या अनुसूची 4 मध्ये पहिलीच बाब आहे ती सूडबुद्धीने कामावरून काढण्याची. तक्रार 90 दिवसांत करावी लागते. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, त्यामुळे अर्ज कुठल्या कायद्याखाली आणि कुठे लावायचा ते वकिलांकडून ठरवून घ्या, पण मुदत 90 दिवसांचीच धरून चाला. शिवाय वर्षात 240 दिवस भरले असतील तर नोटीस आणि भरपाईचा मुद्दा वेगळा उभा राहतो. म्हणून हजेरी जमवा: कॉल शीट (कुणी कधी सेटवर यायचं त्याचा रोजचा कागद), ग्रुपवरचे कॉल टाइमचे मेसेज, जीपे-फोनपेवर आलेले पैसे. रोख घेतले असतील तर सोबत काम केलेल्यांची नावं आजच लिहून काढा, पुढे युनिट फुटलं की कुणी सापडत नाही.

अभिनेत्रीला हा रस्ता नाही. भारत भवन प्रकरणात (2001) सर्वोच्च न्यायालयाने नाट्यकलावंत ‘कामगार’ नाहीत असं ठरवलंय. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो, पण आज तोच चालतो. तिची लढाई कराराची.

कलमं_आणि_कागद
करारात तीन जागा बघा: नोटिशीचा कालावधी, ‘प्रतिमेला बाधा’ छापाचं कलम, आणि सोशल मीडियावरचं बंधन. हे बंधन बहुधा कथानक फोडू नये, सेटवरचे फोटो टाकू नयेत, एवढंच असतं. राजकीय मताबद्दल त्यात अवाक्षर नसेल तर तोच तुमचा मुख्य मुद्दा. भूमिका परत मिळवून देणारा आदेश मात्र जवळपास मिळत नाही. विशिष्ट अनुतोष कायद्याचं (करारातलं काम प्रत्यक्ष पार पाडायला लावण्याबद्दलचा कायदा) कलम 14 आडवं येतं, कारण काम व्यक्तीच्या अंगच्या गुणांवर अवलंबून आहे. मिळतात ते पैसे: झालेल्या कामाचे, नोटिशीच्या काळाचे आणि करार मोडल्याची भरपाई.

सगळ्यात निकडीचं म्हणजे काढण्याचं कारण लेखी पकडणं. जानेवारी 2022 मध्ये किरण माने यांना मालिकेतून काढलं तेव्हा ते म्हणाले राजकीय पोस्टमुळे, समोरून सांगितलं गेलं सहकलाकारांशी वागणूक. खरं कोण हा भाग बाजूला ठेवा. कारण आधी कागदावर नसलं की वाद असाच हवेत राहतो. फोन ठेवल्यावर तासाभरात ईमेल टाका, एवढाच:

‘आज सायंकाळी आपल्या कार्यकारी निर्मात्यांनी फोनवर कळवले की माझ्या अमुक तारखेच्या फेसबुक पोस्टमुळे माझे काम थांबवण्यात येत आहे. यापूर्वी माझ्या कामाबद्दल किंवा वर्तनाबद्दल कोणतीही तक्रार मला कळवलेली नाही. यात काही चूक असल्यास तीन दिवसांत लेखी कळवावे. मी काम करण्यास तयार आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नाहीतर ‘त्या स्वतःहूनच सोडून गेल्या’ असा पवित्रा येतो.

पोस्ट डिलीट करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ फोन जपा, विकू नका, रीसेट मारू नका, व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

तिसरी_घंटा
पुढची भीती ‘कुठेच काम मिळू द्यायचं नाही’ ही असते. एखादी संघटना सदस्यांना सांगून असा बहिष्कार घडवत असेल तर तो स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो. पश्चिम बंगालमध्ये कलावंत-तंत्रज्ञांच्या समितीने डब केलेली मालिका रोखली, त्या प्रकरणात 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पर्धा आयोगाची बाजू उचलून धरली. असे काही मेसेज आले तर जपून ठेवा.

कॅलिफोर्नियात, म्हणजे हॉलिवूडच्या दारातच, श्रम संहितेची कलमं 1101 आणि 1102 मालकाला कामगाराच्या राजकीय वागण्यावर दाब आणायला मनाई करतात. आपल्याकडे असं सरळ कलम नाही. ते करारातच घालून घ्यायला संघटनांनी भांडायला हवं: ‘कलाकाराने वैयक्तिक खात्यावर मांडलेले कायदेशीर राजकीय मत हे करार संपवण्याचे कारण असणार नाही.’ एका ओळीचं काम आहे.

विंगेतून
आभार. निर्मितीकडून निरोप आलाय, माफीचा व्हिडिओ टाका आणि ‘परस्पर संमतीने’ कागदावर सही करा, मग पेमेंट सोडतो.

कलमं_आणि_कागद
सही नको. परस्पर संमती लिहिली की बेकायदा काढल्याचा दावाच संपतो. व्हिडिओही नको, तो चूक कबूल केल्याचा पुरावा म्हणून फिरवतील. झालेल्या कामाचे पैसे हा वेगळा हक्क आहे, त्याला अट लावता येत नाही. दिवसवार हिशेब काढून, बिल जोडून स्वतंत्र मागणीपत्र स्पीड पोस्टाने पाठवा. वकिलाची फी झेपत नसेल तर शिवाजीनगर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. बाईंना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, लाइटमन कामगार म्हणून अर्ज करू शकतो. दोघांनी जाताना आधार आणि हजेरीचे कागद न्यावेत, पोस्टची छापील प्रत तारीख दिसेल अशी.