तापाचा सर्व्हे, वॉर रूमचे फोन : कोविडकाळातल्या आरोग्य खात्याचे तुमचे अनुभव

ओसरी
काल पालिकेची आरोग्यसेविका आली होती, डेंग्यूच्या सर्व्हेला. कुंड्यांखालच्या ताटल्या, गॅलरीतलं पिंप बघून झालं आणि वहीत लिहितालिहिता तिने विचारलं, "घरात कुणाला ताप, खोकला?" पोटात गोळाच आला. जून २०२० मध्ये हाच प्रश्न पीपीई किटातल्या एका बाईने दाराबाहेरून विचारला होता आणि मी "सासऱ्यांना आहे" म्हणाले होते. सोसायटीत बोभाटा होईल म्हणून लोक तेव्हा ताप लपवायचे. ती मात्र शांतपणे सासऱ्यांना म्हणाली, "काका, चार्जर घ्या, कवळीचा डबा घ्या, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवा. तिथे आठवत नाही काही." रुग्णवाहिका आली, गोरेगावच्या नेस्को कोविड सेंटरला गेले, बरे होऊन परत आले. किटमुळे तिचा चेहरा काही दिसला नाही. कुठे भेटली तर ओळखणारही नाही मी, याचं फार वाईट वाटतं. डॉक्टरांबद्दल पुष्कळ लिहून आलं, या खालच्या फळीबद्दल फारसं नाही. लिहा ना तुमचे अनुभव.

चिंचोका
कवळीचा डबा!! आमच्या आजोबांची कवळी सेंटरमध्येच राहिली ती राहिलीच. सविस्तर नंतर लिहितो, ट्रेनमध्ये आहे.

मृगजळ
मी फोनच्या पलीकडे होते. शाळेत शिकवते, वॉर्डाच्या वॉर रूमला ड्युटी लागली होती. मुंबईत तेव्हा २४ वॉर्ड, प्रत्येकाची वेगळी वॉर रूम. आधी सगळा भार पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर होता, तो असा वाटला गेला. पॉझिटिव्हची यादी आली की एकेकाला फोन. वय, शुगर, बीपी, ऑक्सिजन किती, घरात माणसं किती, संडास वेगळा आहे का. संडासाचं विचारलं की लोक चिडायचे. पण घरी ठेवायचं की सेंटरला पाठवायचं हे त्यावरच तर ठरायचं. चाळीत कॉमन संडास असेल तर घरी ठेवून काय उपयोग?

पहिल्या लाटेत शिव्या जास्त खाल्ल्या, "आम्हाला उचलून नेऊ नका" म्हणून. एप्रिल २१ मध्ये उलटं, "बेड द्या, कुठलाही द्या". ९४ च्या खाली आकडा ऐकला की माझा हात आपोआप डॉक्टरांकडे वर जायचा. एक मुलगा दर तासाला आईचा आकडा सांगायला फोन करायचा. ८८, ८६. आम्ही बेड शोधतच होतो. मग त्याचा फोन आलाच नाही. यादीत पुढे काय झालं ते मी बघितलं नाही, बघवलं नाही. अजूनही रात्री अनोळखी नंबर आला की मी उचलतेच.

ओसरी
मृगजळ, काय बोलू. __/\__

पेणकरीण
शब्दच नाहीत ग. मिठी.

रानवाट
धारावीकर इथे. १ एप्रिल २०२० ला पहिला पेशंट सापडला, तेव्हा सगळे म्हणत होते आता धारावी संपली. दहा बाय दहात आम्ही सात जण, अंतर ठेवणार कुठे? शाळेत क्वारंटाइन केलं तेच बरं झालं. रोजे चालू होते, पहाटे सहरीचा डबा वेळेत यायचा. वस्तीतले खाजगी डॉक्टर पालिकेच्या टीमबरोबर गल्लोगल्ली फिरले, म्हणून लोकांनी दारं उघडली. ओळखीचा चेहरा लागतो हो. सार्वजनिक संडास धुणाऱ्यांना तर मी कधीच विसरणार नाही. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं, तेव्हा अम्मी टीव्हीसमोर रडली.

पेणकरीण
माझी जाऊ आशा सेविका आहे गावाकडे. सप्टेंबर २० मध्ये 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' ही घरोघर तपासणीची मोहीम सुरू झाली. गळ्यात ऑक्सिमीटर, हातात टेंपरेचर गन, भातातून वाट काढत घरोघर. काही घरांत पाणीसुद्धा लांबून ठेवायचे. घरी आली की आधी पडवीत आंघोळ, लेकरू दारातून हाका मारतंय. एवढं करून मानधन तुटपुंजं आणि तेही रखडलेलं. जून २१ मध्ये आशा संपावर गेल्या तेव्हा तीही गेली आणि मला तिचा अभिमान वाटला. टाळ्यांनी रेशन भरत नाही.

चिंचोका
शेवटच्या वाक्याला +१००.
जाता जाता, साथरोग कायदा १८९७ चा, म्हणजे मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. २०२० मध्ये तोच वापरला. तेव्हाही घरोघर तपासणी, पण गोऱ्या सोल्जरांची, आणि पुण्यात त्यातून रँडचा वध झाला. या वेळी दारात आशाताई होती, केवढा फरक. माझ्या डाव्या हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का होता, भाऊ म्हणायचा मतदान करून आलास का?

सायसाखर
शिक्का :)) माझा निघतच नव्हता.
कुणाकडे ऑक्सिमीटर पडून असेल तर सेल काढून ठेवा, आमच्याकडचा गळून खराब झाला.

पेणकरीण
हो का? बघते लगेच.

रानवाट
नंदुरबारचंही कुणी लिहा. दुसऱ्या लाटेआधीच तिथे ऑक्सिजन प्लांट उभे केले होते, तेव्हाचे कलेक्टर स्वतः डॉक्टर, राजेंद्र भारूड. आधी तयारी केली की काय होतं ते तिथे दिसलं.

सायसाखर
मी आजीच्या लसीचं लिहिते. ती अंथरुणाला खिळलेली, केंद्रावर नेणं अशक्य. ऑगस्ट २१ मध्ये पालिकेची टीम घरी आली. लस दिल्यावर नर्सला अर्धा तास थांबायचं होतं, कुणाला रिॲक्शन आली तर म्हणून. आजीला वाटलं पाहुणी बसलीय. चहा करायला लावला, मग लग्न झालंय का, पोरं किती, माहेर कुठलं. माहेर निघालं कणकवली! आजीचं तळकोकण सुरू झालं ते थांबेचना, बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. जाताना नर्स म्हणाली, "खूप दिवसांनी कुणीतरी माझ्याबद्दल विचारलं."

मृगजळ
सायसाखर, खरंय ते. आम्हाला एका आजोबांनी फोनवर उलट विचारलं होतं, "तू जेवलीस का?" अख्ख्या टेबलाला सांगितलं होतं मी. बाकी उद्या लिहिते, पेपर तपासायचे राहिलेत.