डॉ. जॉन स्नो: हापशाच्या दांडीचं कौतुक जरा जास्तच होतंय का?

खडूस: लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या हापशाची दांडी डॉ. स्नोंनी काढायला लावली नि कॉलऱ्याची साथ थांबली, हे ऐकून ऐकून कान किटले. साथ भडकली ३१ ऑगस्ट १८५४ला, दांडी निघाली ८ सप्टेंबरला, तोवर लोक घरंदारं टाकून पळालेले, मरणारे आधीच कमी होत चाललेले. मी नाही म्हणत, खुद्द स्नोंनीच लिहून ठेवलंय.

लिंबूटिंबू: दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली आणि तुम्ही तारखा मोजताय, धन्य! बाकीचे घाणेरड्या हवेला दोष देत बसलेले, हा एकटा माणूस दारोदार विचारत फिरला की पाणी कुठलं भरता. लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा, तिला याच हापशाचं पाणी आवडायचं म्हणून रोज गाडीतून मागवायची, ती गेली. आणि हापशाशेजारच्या बिअरच्या कारखान्यातले सत्तरेक कामगार ठणठणीत, कारण ते बिअरच प्यायचे. हवेनेच होत असतं तर उलटं नसतं का झालं?

खडूस: एकटा कसला? पाद्री हेन्री व्हाइटहेडना विसरलात. ते निघाले होते स्नोंना खोटं पाडायला, आणि ४० नंबरच्या घरातलं आजारी तान्हं बाळ सापडलं त्यांनाच. त्याची दुपटी धुतलेलं पाणी ज्या खड्ड्यात ओतायचे तो हापशाच्या विहिरीला खेटून.

भूलवाली: तुम्ही दोघंही दांडीलाच लटकलाय. खरं काम दक्षिण लंडनचं. एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ, लॅम्बेथवाले थेम्सचं पाणी शहराच्या वरच्या अंगाला घ्यायचे, साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलवाले गटाराचं मिसळलेलं. दर दहा हजार घरांमागे मृत्यू ३७ आणि ३१५! शिवाय १८५३ला राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारे हेच, आमच्या भूलवाल्यांचे मूळपुरुष. १८५८ला पंचेचाळिशीत गेले तर लॅन्सेटने, म्हणजे डॉक्टरांच्या त्या बड्या ब्रिटिश नियतकालिकाने, दोन ओळी छापल्या, त्यातही क्लोरोफॉर्मच, कॉलऱ्याचं नाव नाही.

लिंबूटिंबू: लॅन्सेटचा राग जुना. १८५५ला संसदेच्या समितीपुढे स्नो म्हणाले की हाडं उकळणाऱ्या कारखान्यांच्या वासाने साथी येत नाहीत, तेव्हा लॅन्सेटने त्यांना धुतलं होतं.

खडूस: त्यात मी लॅन्सेटकडून. वासाने कॉलरा होत नाही, कबूल, पण कारखानदारांच्या बाजूने साक्ष द्यायला जायचंच कशाला? शेजारी राहणाऱ्यांना विचारा म्हणावं.

भूलवाली: साक्षीचं पटतंय थोडं. पण मग पुढचंही सांगा की, साथ ओसरल्यावर तीच दांडी परत बसवली.