खाऱ्या पाण्याची नवी टाकी: शेवाळ दिसलं की औषध ओतायचं, की कळ काढायची?

निळा हौद (छत्रपती संभाजीनगर)
२०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी लावून दहा आठवडे झाले. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी भुकटी बसली, सहाव्यात काचेवर हिरवं आलं, आणि आता दगडांवर तपकिरी चिकट थर आहे, त्यात बुडबुडे अडकलेत. दुकानदाराला फोटो पाठवला तर त्यानं एका दमात तीन बाटल्या सांगितल्या. एकही घेतली नाही, घेणारही नाही.

माझं मत सरळ आहे. नवी टाकी म्हणजे नांगरून मोकळं टाकलेलं रान. पहिला पाऊस पडला की तण येणारच. तपकिरी भुकटी डायटम नावाच्या एकपेशीय शेवाळाची होती. त्यांचं कवच सिलिकाचं असतं, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपतं, येताना सिलिका घेऊनच येतं. घरातल्या आरओवर विसंबलो होतो. त्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात हे नंतर कळलं. तो स्क्रू बंद केला, पुढे उरलेसुरले क्षार ओढून घेणारं डीआय रेझिन लावलं, मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य आला. भुकटी तीन आठवड्यांत आपोआप गेली. बाकीचंही जाईल. हाताने काढायचं, आठवड्याला १० टक्के पाणी बदलायचं, लाईट आठ तासच ठेवायचा. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही मी शून्यावर आणलेत, फॉस्फेट शोषणारी पिशवी फिल्टरमध्ये आहेच. खायलाच नाही मिळालं तर जगणार कशावर?

औषधवाल्यांनी मुद्दे मांडावेत. 'मला फरक पडला' एवढंच नको.

बीडचा दर्यावर्दी
कळ काढा म्हणायला काय जातंय. मीही काढली होती, चार महिने. माझ्याकडचा थर मखमली लाल होता. दुधावरच्या साईसारखा सोलून निघायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत तसाच. ते शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. जिवाणूवर अँटिबायोटिक चालतं, यात अंधश्रद्धा कुठं आली? इरिथ्रोमायसिन टाकलं, तिसऱ्या दिवशी दगड उघडे पडले. शेतातसुद्धा तण कमरेला लागेपर्यंत कुणी थांबत नाही. तुमचीच उपमा तुम्हाला परत.

निळा हौद
खुरपणं वेगळं, तणनाशक वेगळं. सायफनने मी रोज ओढतोयच. इरिथ्रोमायसिन काही त्या लाल चादरीपुरतं थांबत नाही. दगडातल्या ज्या जिवाणूंच्या जिवावर अमोनिया पचतो, त्यांनाही झळ बसू शकते. शिवाय मेलेला थर कुजताना ऑक्सिजन खातो. आमच्याकडे एप्रिलात दुपारी लाईट गेली की टाकी ३१ अंशांवर जाते, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो. सकाळी मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर बाटलीवाला धावून येणार आहे का?

बीडचा दर्यावर्दी
हवेचा पंप इन्व्हर्टरवर घ्या की. अर्ध्या मराठवाड्याचा संसार इन्व्हर्टरवर चालतो, माशांनी काय पाप केलंय? औषधानंतर मी २५ टक्के पाणी बदललं होतं, ते सांगायचं राहिलं.

परभणीचा पावणा
मला टाकीतलं कळत न्हाई, पण एक इचारतो. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अन् तुमी घरात समुद्र करायलाव? आठवड्याला १० टक्के म्हंजे २० लिटर. आरओ एक लिटर देतंय तवा तीन लिटर मोरीत सोडतंय. म्हंजे दर आठवड्याला साठ लिटर वाया. शेवाळ जाऊ द्या, ह्यो हिशेब सांगा.

निळा हौद
दादा, हिशेब बरोबर आहे, 'वाया' तेवढं चूक. आमच्या गल्लीत नळ आठवड्यानं येतो, साठ लिटर मोरीत सोडायची ऐपत कुणाची? ते पाणी ड्रममध्ये जातं, त्यात फरशी आणि गाडी धुतली जाते. कुंड्यांना घालत नाही, क्षार वाढलेले असतात. तरी तुमचा टोला लागला, हे कबूल. बायकोही हेच म्हणते, फक्त तुमच्याइतक्या सभ्यपणे नाही.

विज्ञानाच्या बाई (लातूर)
तुम्ही दोघं भांडताय, पण त्या दगडावर आहे काय, हे कुणी पाहिलंच नाही. निळा हौद, तुमचा 'चिकट' शब्द मला खटकला. थर पापुद्र्यासारखा सोलून येतो, की शेंबडासारखा (माफ करा, दुसरा शब्द नाही) तारा काढत लोंबतो? दिवसा वाढतो आणि रात्री कमी दिसतो का? गोगलगायी मेल्या का? असं असेल तर डायटम नाही, सायनोही नाही, डायनोफ्लॅजलेट (थोडक्यात डायनो) हा वेगळाच एकपेशीय जीव आहे. दर्यावर्दींचं औषध तिथं फुकट जाईल.

घरी करता येईल अशी परीक्षा सांगते. थोडा थर टाकीच्याच पाण्यासह काचेच्या बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा. गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात परत तारा जमल्या तर डायनो समजा. खात्री हवी तर शाळेतला मायक्रोस्कोप ४०० पटीवर पुरतो. डायनोतला ऑस्ट्रिऑप्सिस हा प्रकार असेल तर थेंबाच्या आकाराची पेशी एका टोकाला धरून गोल फिरते, खुंट्याला बांधलेलं वासरू फिरतं तशी. ती रात्री पाण्यात सुटते, म्हणून टाकीचं पाणी ज्यातून फिरतं तो यूव्ही दिवा तिला लागू पडतो. अँफिडिनियम हा दुसरा प्रकार वाळूतच बसून राहतो, त्याला यूव्हीचा काही उपयोग नाही.

आणि ज्याचा तुम्हाला अभिमान आहे, तेच शून्य-शून्य डायनोला फावतं. तुम्ही बाकीच्यांना उपाशी मारलंत, त्यांची जागा मोकळी झाली, आणि उपासमारीत टिकणारा तेवढा राहिला. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास येऊ द्या.

निळा हौद
मॅडम, खत घालून तण घालवायचं म्हणता?

विज्ञानाच्या बाई
हो, तेच म्हणते. पीक दाट उभं राहिलं की तणाला ऊन मिळत नाही. उपमा तुमचीच, मी फक्त पुढं नेली.

गोदाकाठ (नांदेड)
कळ काढण्याला माझा एकच अपवाद. तुमचे दगड पुण्याहून ट्रॅव्हल्सने आले असतील तर त्यांच्यासोबत ऐप्टेशिया (फुलासारखा दिसणारा, झपाट्यानं पसरणारा समुद्री जीव) आला का, ते आज रात्री टॉर्च लावून बघा. तपकिरी, पारदर्शक, लांब बोटांचं छोटं फूल, बोट नेलं की गपकन भोकात शिरतं. माझ्याकडे एक होता. मी 'निसर्ग' म्हणून सोडला, मग वैतागून सुरीनं खरवडला. दोन महिन्यांत सतरा मोजले. त्याच्या बुडाचा तुकडा राहिला तरी त्यातून नवा उगवतो. तिथं थांबायचं नाही आणि कापायचंही नाही.

चुना चालतो. पाणी फिरवणारे पंप बंद करा, कॅल्शियम हायड्रॉक्साइड दाट कालवून सिरिंजनं थेट तोंडावर सोडा. एका वेळी दोन-तीनच मारा, नाहीतर पाण्याचा पीएच उसळतो. पानटपरीचा चुना नको, त्यात काय काय कालवलेलं असतं ते टपरीवाल्यालाच माहीत. पेपरमिंट कोळंबीही ऐप्टेशिया खाते, सगळ्याच खात नाहीत. तिच्या नावाखाली कॅमल कोळंबी गळ्यात मारतात, पाठीवर कुबड दिसलं की परत करा.

एक मात्र, घाईत मी नळीत राहणारा पंखा-किडाही चुन्यानं मारला. बिचारा पाणी गाळून खायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

बीडचा दर्यावर्दी
हे वाचून सांगतो, मी गुलाबी डागही ब्लेडनं खरवडायचो. ते कोरलाईन शेवाळ, लोक ते यावं म्हणून वाट बघतात, हे सहा महिन्यांनी कळलं. पण औषधाबद्दल माघार नाही. बाईंनी ओळख पटवायला सांगितलं, मी सायनो ओळखूनच मारला होता.

निळा हौद
काल रात्री केलं. कॉफीचा फिल्टर इथं कुठं शोधणार, शेजारच्या पोरीच्या प्रयोगाच्या किटमधला गाळणकागद मागून आणला. बाटली खिडकीत ठेवली. पंचेचाळीस मिनिटांनी गुळाच्या पाकासारखी तार धरली होती. दोन गोगलगायी मेल्यात, त्या म्हाताऱ्या असतील असं मी धरून चाललो होतो.

फॉस्फेटची पिशवी काढली. माशांचं खाणं दिवसातून दोनदा केलं. टॉर्चही लावला, उजव्या कोपऱ्यातल्या दगडाच्या फटीत एक तपकिरी फूल आहे, बोट नेल्यावर आत गेलं. चुना उद्या मागवतो. औषध नाहीच.

बीडचा दर्यावर्दी
डायनोला ते चालणारच नव्हतं, हे मान्य. आता तुम्ही खत घालताय, पुढच्या महिन्यात लाल साय धरली की फोटो टाका. तेव्हा बोलू.

परभणीचा पावणा
अन् त्यो ड्रम भरला का न्हाई, त्याचाबी फोटो टाका.