फॉल दोन वीकेंडचा नसतो

अमेरिकेतल्या फॉलबद्दल, म्हणजे पानगळीच्या मोसमाबद्दल, एकांनी लिहिलंय, ‘फॉल म्हणजे दोन वीकेंड फोटो आणि मग महिनाभर अंगणातली पानं ओढत बसणं.’ पानं ओढण्याबद्दल शंभर टक्के सहमत. दोन वीकेंडचं मात्र पटलं नाही.

न्यू हॅम्पशर राज्यातल्या कँकमॅगस हायवेवर शुगर मेपलची झाडं ऑक्टोबरच्या पूर्वार्धात रंगांनी पेटतात, गर्दीही तेव्हाच. मला त्यानंतरचे दिवस जास्त आवडतात. ओक तांबूस होतात, आणि टॅमरॅक सूचिपर्णी असूनही सोनेरी होऊन सुया गाळतो! बीचच्या झाडाची वाळकी पानं तर पुष्कळदा हिवाळाभर फांदीला चिकटून असतात. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की दिसतो. लाल मात्र झाड याच दिवसांत नव्याने तयार करतं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा (पण गोठवणारा नको) असं जमलं की तो खुलतो. म्हणून दर वर्षी रंगाची तऱ्हा वेगळी.

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे घामाच्या धारा आणि भातकापणी. झाडं झडतात ती माघ-फाल्गुनात, उन्हाळ्याची वर्दी देत. पानगळीनंतर थंडी, हा उलटा हिशेब अंगवळणी पडायला वेळ लागला.

आणि हो, इथे दारोदारी भोपळ्यांशेजारी ठेवतात ते ‘मम्स’ म्हणजे आपली शेवंतीच. दसऱ्याला झेंडू महाग वाटला तर बिनधास्त तिचं तोरण करा. आम्ही करतो.